भौतिकशास्त्र शिकवताना आभासी प्रयोगशाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षक, प्रात्यक्षिकं घेणारे सहायक आणि घरी स्वतः अभ्यास करणारे विद्यार्थी हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत. घाई असेल तर तिसरा प्रश्न आधी वाचा. माझ्या मते बाकीची बरीचशी उत्तरं त्यातून निघतात.

१. आभासी प्रयोगशाळा नक्की कशाला म्हणायचं? व्हिडिओ दाखवला तर ती आभासी प्रयोगशाळा होते का?

नाही. व्हिडिओ किंवा अॅनिमेशन आपण पाहतो, त्यात आपल्याला काही बदलता येत नाही. आभासी प्रयोगशाळेत राशी विद्यार्थ्याच्या हातात असतात. लोलकाची लांबी वाढव, गुरुत्व कमी कर, बॅटरी उलटी जोड. परिणाम त्यानुसार बदलतो आणि मोजताही येतो.

या एका नावाखाली प्रत्यक्षात तीन-चार वेगळ्या गोष्टी चालतात. पहिली म्हणजे सिम्युलेशन. त्यात एखाद्या घटनेचं गणिती प्रारूप चालतं आणि चित्र मुद्दाम साधं ठेवलेलं असतं. दुसरी म्हणजे पडद्यावर मांडलेलं हुबेहूब टेबल. तिथे अमीटर, ऱ्हिओस्टॅट, प्लग की असं सगळं दिसतं आणि पाठ्यपुस्तकातल्या कृतीप्रमाणे पायऱ्या कराव्या लागतात. तिसरी म्हणजे दूरस्थ प्रयोगशाळा. तिथे उपकरण खरं असतं, फक्त दुसरीकडे ठेवलेलं असतं आणि आपण ते इंटरनेटवरून चालवतो. स्वीडनमधल्या ब्लेकिंग इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने उभारलेली ‘व्हिसिर’ ही यंत्रणा या प्रकारातली. विद्यार्थी पडद्यावर तारा जोडतो आणि तिकडे रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) साहाय्याने खरंच तसं सर्किट जोडलं जाऊन मोजलं जातं. चौथा प्रकार म्हणजे खऱ्या घटनेचं चित्रीकरण घेऊन त्यावर मोजमाप करणं.

हा फरक लक्षात ठेवावा. पहिल्या दोन प्रकारांत उत्तर देतो तो संगणकाचा प्रोग्रॅम. शेवटच्या दोन प्रकारांत उत्तर निसर्गाकडून येतं.

२. सिम्युलेशनच्या आत काय चालतं? शिक्षकाला ते माहीत असायला हवं का?

थोडं तरी माहीत असावंच. बहुतेक सिम्युलेशन वेळेचे बारीक तुकडे करतात. आत्ताची जागा आणि वेग माहीत आहे, बलावरून त्वरण काढायचं, त्यावरून पुढच्या क्षणीचा वेग आणि जागा काढायची, मग पुन्हा तेच. सेकंदाला अनेकदा हे चक्र फिरतं आणि आपल्याला हालचाल दिसते.

अकरावी-बारावीच्या मुलांकडून हे साध्या स्प्रेडशीटमध्ये करून घ्या, फार मोलाचं आहे. स्प्रिंगला टांगलेलं एक वजन घ्या, दोलनकाल २ सेकंद, वेळेचा तुकडा ०.१ सेकंद. प्रत्येक ओळीत जुन्या वेगावरून नवी जागा आणि जुन्या जागेवरून नवा वेग काढा. ही ऑयलरची सरळ पद्धत. आलेख काढला की मुलं चमकतात, कारण आयाम (झोक्याचा विस्तार) प्रत्येक आंदोलनात जवळजवळ अडीचपट होत जातो. ऊर्जा कुठूनही आलेली नाही, ती हिशेबाच्या पद्धतीने निर्माण केली! आता एकच बदल करा. आधी नवा वेग काढा आणि नवी जागा काढताना तो नवा वेग वापरा. आयाम लगेच ताब्यात येतो.

हा प्रयोग केलेला विद्यार्थी पडद्यावरच्या कुठल्याही चित्राकडे पुन्हा भाबडेपणाने पाहत नाही. सिम्युलेशन कुणीतरी लिहिलेलं असतं आणि त्यात गृहीतकं असतात, हे त्याला स्वतःच्या हिशेबातून समजलेलं असतं.

३. सिम्युलेशन वापरून एखादा नियम सिद्ध करता येतो का?

येत नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

प्रयोगवहीत ‘उद्देश : ओहमचा नियम सिद्ध करणे’ असं लिहायचं आणि वाचनं सिम्युलेशनमधून घ्यायची, हे तर्काला धरून नाही. विभवांतर आणि धारा यांचा आलेख सरळ रेषेत येणारच, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तो नियम आत घातलेला आहे. विद्यार्थ्याने शोधलेला नियम प्रोग्रॅमचा आहे. तो निसर्गाचाही आहे की नाही, हे तांब्याची तार आणि खरा मीटरच सांगू शकतात.

इतिहासातलं एक उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ली यांनी ईथरमधून (प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं तेव्हा मानत, त्या माध्यमातून) जाणाऱ्या पृथ्वीचा वेग मोजायचा प्रयत्न केला. उपकरण फिरवल्यावर व्यतिकरणाचे पट्टे सुमारे ०.४ पट्ट्याइतके सरकतील असा त्यांचा हिशेब होता. तसं काहीच दिसलं नाही. समजा, त्या काळी संगणक असता आणि ईथर मानणाऱ्या एखाद्या निष्णात शास्त्रज्ञाने या प्रयोगाचं सिम्युलेशन लिहिलं असतं, तर पडद्यावर पट्टे अगदी ०.४ इतके सरकले असते. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नसताना उत्तर चुकीचं आलं असतं.

मग सिम्युलेशन कशासाठी? प्रारूप समजून घेण्यासाठी. ‘हा नियम खरा असेल तर काय काय व्हायला हवं?’ हा प्रश्न हवा तितक्या वेळा, हव्या त्या परिस्थितीत विचारता येतो. भौतिकशास्त्राचा निम्मा व्यवहार हाच आहे. उरलेला निम्मा म्हणजे ते उत्तर खऱ्या मोजमापाशेजारी ठेवणं. म्हणून प्रयोगवहीतली भाषा बदला. ‘सिद्ध करणे’ ऐवजी ‘प्रारूप काय सांगतं ते पाहणे आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडणे’ असं लिहा.

४. आभासी प्रयोगशाळा खऱ्या प्रयोगशाळेची जागा घेऊ शकते का?

संकल्पना समजण्यापुरतं बोलायचं तर काही ठिकाणी हो, आणि यावर नीट अभ्यास झालेले आहेत. २००५ साली कोलोरॅडो विद्यापीठातल्या गटाने एका अभ्यासात काही विद्यार्थ्यांना खरे बल्ब, तारा आणि बॅटऱ्या दिल्या, तर काहींना त्याच प्रयोगासाठी सिम्युलेशन दिलं. सिम्युलेशनवाल्यांनी संकल्पनांचे प्रश्न जास्त चांगले सोडवले. एवढंच नव्हे, खरं सर्किट जोडून ते समजावून सांगण्यातही ते सरस ठरले. २००७ साली क्लार आणि सहकाऱ्यांनी सातवी-आठवीच्या मुलांकडून उंदराच्या सापळ्याच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या गाड्यांची रचना करून घेतली. काहींनी खरे सुटे भाग वापरले, काहींनी पडद्यावरचे. शिकण्यात फरक पडला नाही. २०१३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात डी याँग, लिन आणि झकारिया यांनी अशा संशोधनाचा आढावा घेतला. दोन्ही प्रकारांची बलस्थानं वेगळी आहेत आणि विचारपूर्वक केलेली जोडणी फायद्याची ठरते, असा त्याचा रोख आहे.

पण या अभ्यासांनी जे मोजलं त्यापलीकडेही प्रयोगशाळेत बरंच काही घडतं. सैल जोडणी शोधणं, मीटरचा शून्यदोष ओळखणं, स्क्रू एकाच दिशेने फिरवत नेऊन बॅकलॅश (दिशा बदलताना स्क्रूत जाणवणारी ढिलाई) टाळणं, डोळा पट्टीच्या काटकोनात ठेवणं, गरम झालेल्या तारेचा रोध वाढतोय हे लक्षात येणं. या गोष्टी हातालाच शिकाव्या लागतात. सिम्युलेशन मिळालं म्हणून प्रात्यक्षिकाचे तास कापायला निघालेल्या कुणालाही या अभ्यासांचा आधार घेता येणार नाही.

५. कोणत्या विषयांसाठी आभासी प्रयोग सर्वांत उपयोगी पडतात?

जे डोळ्यांना दिसत नाही, जे फार जलद किंवा फार सावकाश घडतं, जे धोक्याचं आहे आणि ज्याचं उपकरण सहज मिळत नाही, अशा विषयांसाठी. वायूचे रेणू, विद्युतक्षेत्र, ग्रहांच्या कक्षा, किरणोत्सारी क्षय, रदरफर्डचं विकिरण (अणुकेंद्रकामुळे कणांचं विखुरणं), मिलिकनचा तेलथेंब (इलेक्ट्रॉनचा प्रभार मोजण्याचा प्रयोग). मिलिकनचा प्रयोग खऱ्या उपकरणावर केलेल्यांना ठाऊक आहे, एक थेंब पकडून ठेवण्यात तास संपतो आणि विचार करायला वेळच उरत नाही.

प्रकाशविद्युत परिणामाचं, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचं, उदाहरण जरा सविस्तर घेऊ. माझ्या मते पडद्यावरचा सर्वांत फलदायी प्रयोग हाच आहे. धातू सोडियम घ्या. इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाका. त्याच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आता मुलांना विचारा : प्रकाश दसपट प्रखर केला तर? बहुतेक जण म्हणतात, थोडे तरी इलेक्ट्रॉन सुटतील. स्लायडर शेवटपर्यंत नेतात, एकही सुटत नाही. मग प्रखरता अगदी कमी करून ४०० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश टाकायचा. फोटॉनची ऊर्जा ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. थोडेच, पण लगेच इलेक्ट्रॉन निघतात आणि त्यांची कमाल गतिज ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते. प्रखरता वाढवली की संख्या वाढते, कमाल ऊर्जा तीच राहते.

यापुढे इलेक्ट्रॉन थोपवणारं विभवांतर निरनिराळ्या वारंवारतांना मोजून आलेख काढा. धातू बदलला की रेषा वर-खाली सरकते, चढ मात्र बदलत नाही. मुलांना इथे थांबवा आणि विचारा, हा चढ धातूचा गुणधर्म नाही, मग कुणाचा? प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार, हे उत्तर त्यांना स्वतः गाठू द्या.

६. आणि कोणते प्रयोग पडद्यावर करू नयेत?

व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लोलक, भिंगाचं नाभीय अंतर, चुंबक आणि लोहकीस, स्प्रिंगचं ताणलं जाणं. यांना साहित्य थोडं लागतं आणि हातात घेतल्यावर जे कळतं ते पडद्यावर कळत नाही. व्हर्निअरचं वाचन कसं घ्यायचं याचा सराव पडद्यावर जरूर करा, पण जबडे किती घट्ट दाबायचे हे माऊस शिकवणार नाही.

७. आधी खरा प्रयोग करावा की आभासी?

सरसकट उत्तर नाही. विद्युत सर्किटमध्ये मी आधी पडदा घेतो. तारांचा गुंता आणि सैल जोडण्या यांत मुलांचं लक्ष संकल्पनेवरून उडतं. पडद्यावर एकसर आणि समांतर जोडणीचा फरक पक्का झाला की टेबलावर हात आत्मविश्वासाने चालतो.

लोलकाच्या बाबतीत उलट. आधी दोरा आणि गोळा हातात द्यावा, २० आंदोलनं मोजायला लावावीत, दोन गटांचे आकडे का जुळत नाहीत यावर वाद होऊ द्यावा. मग पडद्यावर जावं, आणि तेही दोऱ्याने जे करता येत नाही त्यासाठी. चंद्रावरचं गुरुत्व १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग ठेवलं की १ मीटर लांबीच्या लोलकाचा दोलनकाल २ सेकंदांवरून जवळजवळ ५ सेकंदांवर जातो.

८. प्रत्यक्ष तास कसा घ्यावा?

अंदाज, निरीक्षण, स्पष्टीकरण. व्हाइट आणि गन्स्टन यांनी १९९२ मध्ये विस्ताराने मांडलेली ही पद्धत आभासी प्रयोगांना अगदी चपखल बसते. सिम्युलेशन उघडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहायचा, कारणासकट. तोंडी नको. तोंडी अंदाज निकाल दिसल्यावर सोयीस्करपणे बदलतात. मग पाहायचं. अंदाज चुकला तर कुठल्या समजुतीमुळे चुकला हे शेजाऱ्याला समजावून सांगायचं.

एक नमुना देतो. समतल जमिनीवरून एक चेंडू ४५ अंशांत फेकला की सर्वांत लांब जातो, हे मुलांना पाठ असतं. हवेचा विरोध सुरू करा आणि विचारा, आता सर्वांत लांब जाण्यासाठी कोन वाढवावा की कमी करावा? वर्ग दोन्ही बाजूंना विभागला जातो. वेगवेगळे कोन घेऊन पाहिलं की उत्तर ४५ पेक्षा कमी येतं. आता खरा तास सुरू होतो : का? मार्गाचा आकार बघा, चढता भाग लांबट आणि उतरता भाग तीव्र. आडवा वेग वाटेतच खर्ची पडतो आहे. हवेत जास्त वेळ राहणं आता तोट्याचं. हे वाक्य मुलाकडून आलं की सूत्र सांगायची घाई करू नका.

तासाच्या सुरुवातीची काही मिनिटं मोकळी सोडा. कुठलं बटण काय करतं हे मुलांना शोधू द्या. पायरी १, पायरी २ अशी लांबलचक कृतिपत्रिका दिली की मुलं पत्रिका पूर्ण करतात आणि सिम्युलेशनकडे पाहायचं विसरतात. दोन-तीन चांगले प्रश्न त्यापेक्षा खूप जास्त काम करतात.

९. मुलं नुसते स्लायडर इकडून तिकडे सरकवत बसतात. काय करावं?

सुरुवातीला सरकवू द्या, त्यातून कुतूहल जागं होतं. नंतर एकच अट घाला : एका वेळी एकच राशी बदलायची आणि बदलण्याआधी ती का बदलतोय ते लिहायचं. वस्तुमान आणि लांबी एकदम बदलून ‘दोलनकाल वाढला’ म्हणणाऱ्या मुलाला शेजारच्याने विचारावं, कशामुळे वाढला? चल राशी नियंत्रित ठेवण्याची शिस्त लावायला आभासी प्रयोगशाळेइतकी सोपी जागा नाही, कारण प्रत्येक प्रयोग काही सेकंदांत पुन्हा करता येतो.

१०. पडद्यावरची वाचनं फार नेमकी येतात. मग त्रुटी आणि अनिश्चितता कशी शिकवायची?

ही तक्रार रास्त आहे. खऱ्या लोलकावर एकच आंदोलन मोजलं तर हाताच्या विलंबामुळे ०.२ सेकंदांची चूक सहज होते, म्हणजे २ सेकंदांत १० टक्के. २० आंदोलनं मोजली की तीच चूक ४० सेकंदांत विभागली जाते आणि अर्ध्या टक्क्यावर येते. जास्त आंदोलनं का मोजायची, हे यातून आपोआप समजतं. सिम्युलेशन मात्र पहिल्याच आंदोलनाला २.००६ सेकंद दाखवतं आणि मुलाला वाटतं, निसर्ग असाच दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत उत्तरं देतो.

उपाय आहेत. सिम्युलेशनचा आपोआप चालणारा टायमर बंद करा आणि मुलांच्या हातात स्टॉपवॉच द्या. लांबी आकड्यात वाचण्याऐवजी पडद्यावरच्या पट्टीने मोजायला लावा. दहा जणांची वाचनं फळ्यावर लिहा, पसारा दिसू द्या.

किरणोत्सारी क्षयाचं सिम्युलेशन इथे वेगळं पडतं. त्यातली यादृच्छिकता प्रारूपाचाच भाग आहे. सरासरी १०० क्षय अपेक्षित असतील तर प्रत्येक वेळी सुमारे १० इकडेतिकडे, १०,००० असतील तर सुमारे १००. म्हणजे १० टक्क्यांवरून १ टक्का. मोजणीच्या वर्गमुळाइतका हा चढउतार मुलांनी स्वतः पुन्हापुन्हा चालवून पाहावा. किरणोत्सार मोजणाऱ्या खऱ्या गायगर काउंटरवर एवढ्या फेऱ्या करायला तासच्या तास लागतील.

११. सिम्युलेशनमुळे चुकीच्या समजुती तयार होतात का?

होऊ शकतात, आणि त्या चित्रांमुळे होतात. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये निळे ठिपके तारेतून सरसर धावतात. प्रत्यक्षात १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १ अँपिअर धारा असताना इलेक्ट्रॉनांचा सरासरी पुढे सरकण्याचा वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटर इतकाच असतो. १ मीटर अंतर कापायला पावणेचार तास! मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? हा प्रश्न वर्गात विचारायलाच हवा. सगळ्या तारेत इलेक्ट्रॉन आधीपासून आहेत आणि ढकलणारं विद्युतक्षेत्र जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरतं, हे उत्तर चित्रातून कधीच मिळणार नाही.

अणूची चित्रंही तशीच. सोन्याच्या अणूचं केंद्रक १ मिलिमीटर त्रिज्येचं काढलं तर त्याच प्रमाणात अणूची त्रिज्या जवळजवळ २० मीटर होईल. हे कुठल्याच पडद्यावर मावणार नाही, म्हणून चित्र खोटं काढावं लागतं. तासाच्या शेवटी एक प्रश्न नेमाने विचारा : ‘या चित्रात काय काय खरं नाही?’ मुलं उत्साहाने यादी करतात आणि ती यादी पाठ्यपुस्तकाच्या पानापेक्षा जास्त शिकवते.

१२. एखादं सिम्युलेशन विश्वासार्ह आहे हे कसं तपासायचं?

टोकाला नेऊन पाहा. साधा लोलक ९० अंशांतून सोडा. दोलनकाल लहान आयामाच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी वाढायला हवा. तो जराही वाढला नाही तर आत फक्त लहान कोनाचं सूत्र आहे. काचेतून हवेत जाणारा किरण घ्या, अपवर्तनांक १.५. ४१.८ अंशांपलीकडे पूर्ण आंतरिक परावर्तन व्हायला हवं. बॅटरीची दोन टोकं थेट जोडली तर काय होतं? घर्षण शून्य केल्यावर ऊर्जा खरंच टिकते का? गुरुत्व शून्य केलं तर लोलक झोके घेणं थांबवतो का?

मर्यादित सूत्रावरचं सिम्युलेशन वाईटच असं नाही. त्याची हद्द शिक्षकाला ठाऊक हवी आणि विद्यार्थ्याला सांगितलेली हवी.

१३. मोफत आणि चांगली साधनं कोणती?

‘फेट’ हे पहिलं नाव. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. २००१ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांपैकी ते एक. सिम्युलेशन मोफत आहेत आणि अनेकांचं मराठी भाषांतरही झालेलं आहे. मराठीतून शिकणाऱ्या मुलांना ते आवर्जून दाखवा.

‘ट्रॅकर’ हे चित्रीकरणावरून हालचाल मोजण्याचं साधन. फेकलेल्या चेंडूचा व्हिडिओ घ्यायचा, प्रत्येक चौकटीत त्याची जागा खूण करायची, आलेख तयार. पाठोपाठ सिम्युलेशनचा आलेख त्यावर ठेवून पाहता येतो. ‘जिओजेब्रा’ मुख्यतः गणितासाठी असलं तरी किरणाकृती आणि तरंगांसाठी उत्तम.

१४. मोबाइलवर हे सगळं चालतं का?

बहुतेक नवी सिम्युलेशन ब्राउझरमध्ये चालतात, त्यामुळे हो. पडदा लहान असल्याने तिघा-चौघांत एक फोन पुरेसा नाही, दोघांत एक ठीक.

पण फोनचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्यात त्वरणमापक, चुंबकमापक, मायक्रोफोन असे संवेदक असतात. जर्मनीतल्या आखेन इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत अॅप त्यांची वाचनं थेट आलेखात दाखवतं. लिफ्टमध्ये फोन ठेवून त्वरणाचा आलेख घ्या, सुरू होताना आणि थांबताना उंचवटा आणि खळगा स्पष्ट दिसतात. हा आभासी प्रयोग नाही, अस्सल मोजमाप आहे, आणि सिम्युलेशनला जोड म्हणून याहून चांगलं काही मला माहीत नाही.

१५. वर्गात एकच संगणक आहे, इंटरनेटही धड नाही. तरी उपयोग होईल?

होईल. फेटची नवी सिम्युलेशन उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात. घरून पेन ड्राइव्हवर आणा. एकाच पडद्यावर सगळा वर्ग बसवून अंदाज हात वर करून घ्या, दोन विरुद्ध मतांच्या मुलांना पुढे बोलवा आणि स्लायडर त्यांच्या हातात द्या. शिक्षकाने स्वतः माऊस धरून ठेवला तर मात्र त्याचा पुन्हा व्हिडिओ होतो.

१६. एकमेकांच्या वाचनांची नक्कल होते. गुण कसे द्यायचे?

प्रत्येकाला वेगळी परिस्थिती द्या. एकाला अनोळखी ग्रहाचं गुरुत्व शोधायचं, दुसऱ्याला अनोळखी वस्तूचं वस्तुमान. काही सिम्युलेशनमध्ये अशा अज्ञात वस्तू मुद्दाम दिलेल्या असतात. गुण आकड्याला कमी आणि पद्धतीला जास्त ठेवा. तोंडी परीक्षेत दोनच प्रश्न पुरतात. या आलेखाचा चढ काय सांगतो? आणि खऱ्या टेबलावर हा प्रयोग केला असता तर तुझं उत्तर कुठे आणि का वेगळं आलं असतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नकलेतून देता येत नाही.

१७. दृष्टिबाधित किंवा हाताची हालचाल मर्यादित असलेल्या विद्यार्थ्यांना वापरता येतं का?

काही सिम्युलेशन फक्त कीबोर्डने चालतात, काहींत ध्वनीतून बदल कळतो आणि पडद्यावरच्या गोष्टींचं वर्णन वाचून दाखवलं जातं. सगळीकडे ही सोय नाही, म्हणून आधी स्वतः तपासा. जड उपकरण उचलता न येणारा विद्यार्थी आजवर नुसता बघ्या म्हणून उभा राहायचा. त्याच्या हातात प्रयोग देता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

१८. जुनं आवडतं सिम्युलेशन आता उघडतच नाही. का?

ते बहुधा फ्लॅश किंवा जावा अॅप्लेट या ब्राउझरमधल्या जुन्या तंत्रांवर बेतलेलं असेल. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस बंद झाला. त्याच संस्थेची नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा.

१९. पहिल्यांदाच वापरणार आहे. कोणत्या प्रयोगाने सुरुवात करू?

तीन सारखे बल्ब आणि एक बॅटरी. पहिला बल्ब एकसर जोडलेला, त्याच्यापुढे दुसरा आणि तिसरा एकमेकांना समांतर, तिसऱ्याच्या वाटेत एक कळ. कळ उघडी असताना पहिले दोन सारखेच उजळतात. आता विचारा : कळ दाबून तिसरा लावला तर पहिल्याचं आणि दुसऱ्याचं काय होईल?

अंदाज लिहून घ्या. ‘पहिल्यावर काहीच परिणाम नाही, तो तर बॅटरीच्या जवळ आहे’ असं बरेच जण लिहितात. कळ दाबली की पहिला जास्त उजळतो आणि दुसरा मंदावतो. रोध स्थिर धरला तर पहिल्या बल्बवरचं विभवांतर बॅटरीच्या निम्म्यावरून दोन-तृतीयांशावर जातं, शक्ती सुमारे १.८ पट होते आणि दुसऱ्याची शक्ती निम्म्याहून खाली येते. सर्किट म्हणजे एकामागून एक वाटप नव्हे, एका ठिकाणचा बदल सगळीकडे पोचतो, हे इथे समजतं.

पुढच्या तासाला तेच सर्किट खऱ्या बल्बांनी जोडा आणि पहिल्या बल्बची धारा व विभवांतर मोजा. शक्ती १.८ पट येणार नाही. तापलेल्या तंतूचा रोध वाढतो, बॅटरीचा अंतर्गत रोधही मध्ये येतो. फरक किती आला आणि तो या दोन कारणांनी भरून निघतो का, हे मुलांनाच ठरवायला सांगा.